देव्हाऱ्याखालचा कॉम्प्युटर

आमच्या नाहूरच्या घरात कॉम्प्युटर ठेवायला एकच जागा होती आणि ती देवांनी आधीच घेतलेली होती. हॉलच्या पूर्वेच्या भिंतीवर सासूबाईंनी लावून घेतलेला सागवानी देव्हारा, त्याच्या खाली टेबलापुरती रिकामी जागा, आणि तिथेच घरातला त्यातल्या त्यात भरवशाचा प्लग. बेडरूममध्ये टेबल कसंबसं मावलं असतं. पण नवरा विमानतळावर मालवाहतुकीच्या विभागात कायम रात्रपाळीला असतो आणि दिवसा झोपतो. झोपलेल्या माणसाच्या उशाशी कीबोर्ड बडवत बसणं म्हणजे चांगल्या चाललेल्या संसाराची वाट लावून घेणं. तेव्हा ठरलं, वर देव आणि खाली मी.

मी पुस्तकांची पानं लावते. लेखकाकडून मजकूर येतो. त्याची अक्षरं, समास, तळटीपा, चित्रं सगळं जागच्या जागी बसवून छापायला तयार पान द्यायचं, हे माझं काम. लग्नाआधीपासून मी हे मरोळच्या एका छापखान्यात करत होते. आधी मुलुंडहून मरोळ, लग्नानंतर नाहूरहून मरोळ. सकाळी निघायचं ते दिवेलागण झाल्यावर परत. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. घर सांभाळायला सासूबाई होत्या. सासूबाईंना बाबा सांभाळायचे की बाबांना सासूबाई, हे मात्र मला कधी नीट कळलं नव्हतं.

सासूबाई गेल्या तेव्हा ते कळलं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, मालवणकडचे. तरुणपणी मुंबईत आले, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले, गिरणी बंद झाल्यावर घाटकोपरला एका कापडाच्या दुकानात कामाला राहिले. सगळं आयुष्य उभ्याने काढलेला हा माणूस सासूबाईंनंतर खिडकीजवळच्या स्टुलावर बसला तो बसलाच. मी सकाळी त्यांचं ताट वाढून, झाकून ठेवून जायची. संध्याकाळी ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं. मला वाटायचं, जेवतात बाबा. मग एकदा खालच्या वॉचमनने मला गेटवर थांबवलं आणि कालची माशाची आमटी फार छान झाली होती, असं अगदी मनापासून सांगितलं. कितीतरी दिवस माझ्या हातचं तो जेवत होता आणि बाबा चहा-बिस्किटांवर होते. मी वर येऊन तडक विचारलं. ते म्हणाले, "एकट्याक घास उतरणा नाय गो, बाये."

त्याच आठवड्यात मी छापखान्यात सांगितलं की घरून काम देत असाल तर करीन. ते नाही म्हणाले. मी नोकरी सोडली. नवरा म्हणाला, "अगं, जरा विचार तरी करायचास ना." मी म्हटलं, "केला. आता तू कॉम्प्युटरचा कर."

भांडुपच्या एका दुकानातून आम्ही तो जोडून घेतला. घरी आला त्या दिवशी बाबा आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तयार होते. मी वायर लावायला वाकले तर म्हणाले, "थांब. यंत्राक इचारल्याशिवाय हात लावूचो नाय." गिरणीत दसऱ्याला ते आपल्या साच्याला हार घालायचे, त्याची दृष्ट काढायचे, आणि वर्षभर तो कसा गपगुमान चालायचा हे त्यांनी मला ऐकवलं. मी हसले, पण थांबले. हळदकुंकू लागलं. नारळ मात्र मी मोरीत वाढवायला लावला, यंत्रावर पाणी उडायला नको म्हणून. त्यांनी ते लगेच मानलं. बाबा हट्टी नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगून ठेवते.

पहिले काही महिने झकास गेले. दुपारी नवरा झोपलेला असायचा, मी आणि बाबा समोरासमोर जेवायचो. त्यांचा हात भातावर पुन्हा सरळ चालायला लागला. जेवण झालं की स्टूल खिडकीजवळून उचलून माझ्या टेबलाशी आणायचे आणि स्क्रीनवरचं पान वाचत बसायचे. साकीनाक्याच्या एका प्रकाशकांनी मला एक जाडजूड आयुर्वेदाचं पुस्तक दिलं होतं, निम्मं पान तळटीपांचं. बाबा ते कादंबरीसारखं वाचायचे. मधेच म्हणायचे, "सोलांबद्दल ह्येना काय्येक लिवलेला नाय. कसलो वैद्य हो?" सोलं म्हणजे आपली आमसुलं. मी सांगायची, लेखक घाटावरचा आहे. मग त्यांना त्याची दया यायची.

आणि संध्याकाळचं दिवाबत्तीचं काम त्यांनी आपणहून घेतलं. पूर्वी ते सासूबाई करायच्या. करवंटीचे तुकडे गॅसवर लाल करायचे, धुपाटण्यात घालायचे, वर ऊद आणि तुपाचा थेंब. मग तो धूर दारात, स्वयंपाकघरात, कोपऱ्याकोपऱ्यात फिरवायचा. मला तो वास आवडायचा. त्या वासाने घरात कुणीतरी मोठं माणूस आहे असं वाटायचं.

मग एका दुपारी, तळटीप लावता लावता, स्क्रीन निळा झाला. काहीतरी बिघाड झाला आहे आणि मी पुन्हा सुरू होतो, अशा अर्थाचं इंग्रजीत लिहून तो आपला आपण बंद झाला आणि आपला आपण उठला. मी म्हटलं, होतं एखादे वेळी. दोन दिवसांनी पुन्हा झालं. नंतर रोज व्हायला लागलं, कधी सकाळी बसल्या बसल्या, कधी नेमकं पानभर काम झाल्यावर. मी दर ओळीनंतर सेव्ह करायला लागले. वेलांटी दिली की सेव्ह, काना दिला की सेव्ह. अशाने काम होत नाही, नुसती बोटं झिजतात.

मी हात जोडून बसणारी बाई नाही. आधी मला व्हायरसचा संशय आला, तो तपासला. मग मराठी फॉन्टांवर संशय घेतला, कारण छापखान्यात निम्मी भांडणं त्यांच्यामुळेच व्हायची. जुने सगळे काढून टाकले. मग वाटलं, गरम होत असेल. मुंबईत माणसं गरम होतात, तिथे यंत्राचं काय. मी कॅबिनेटचं बाजूचं झाकण स्क्रू काढून बाजूला ठेवलं आणि त्याच्या उघड्या पोटासमोर टेबलफॅन लावला. नवरा उठून चहाला आला, बघितलं, आणि म्हणाला, "आयसीयू केलंस की." दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा निळा.

एका निळ्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरांत मेमरीचं काहीतरी आलं, आणि मी तो धागा पकडला. चालू काम तात्पुरतं जिथे ठेवलेलं असतं त्या रॅमच्या दोन हिरव्या पट्ट्या आत खोबणीत बसवलेल्या असतात. त्या तपासायची सोय कॉम्प्युटरमध्येच असते. मी तपासणी लावली. चुकाच चुका. दुसऱ्या दिवशी तीच तपासणी परत लावली तर एक चूक नाही. म्हटलं, ही कसली तब्येत? मग एक पट्टी काढून एकीवर चालवला, मग दुसरीवर, मग खोबण्या बदलून. पट्टी काढून पुन्हा लावली की काही दिवस ठीक, मग परत तेच. दोन्ही पट्ट्या एकदम खराब होतील असं वाटेना, आणि दोन्ही चांगल्या असतील तर हे नाटक कशाला?

शेवटी कॅबिनेट चादरीत बांधून, रिक्षात मांडीवर घेऊन मी भांडुपला दुकानात नेऊन टाकला. दुकानदाराने तो चार-पाच दिवस ठेवून घेतला. रोज फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, सुबह से शाम तक चल रहा है. एकदम ओके. आप के घर का लाइट देखो." मी इलेक्ट्रिशियनला बोलावून घरची वीज बघून घेतली. ती धडधाकट होती. कॉम्प्युटर घरी आला, आठवडाभर नीट चालला, आणि मग देव्हाऱ्याखाली पुन्हा निळा झाला.

हे सगळं बाबा स्टुलावरून बघत होते. आतापर्यंत ते काही बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "दुकानात बरो असता. घराक इलो काय आजारी पडता. म्हणजे यंत्रात काय नाय. घरात काय तरी असा."

मला राग आला, कारण तर्क बिनचूक होता आणि तो मला सुचला नव्हता. पण त्यापुढे ते ज्या वाटेने गेले ती माझी वाट नव्हती. घरात काय असा, तर कुणाची तरी नजर. सून घरात बसून काम करते, एवढी मोठी पुस्तकं करते, लोक बोलतात. झालं. त्या दिवसापासून धूप सकाळ-संध्याकाळ व्हायला लागला आणि कॉम्प्युटरच्या वाट्याला खास वेगळा. टेबलापाशी ते वाकायचे आणि धुपाटणं त्या उघड्या बाजूशी, टेबलफॅनच्या पुढ्यातच, बराच वेळ धरायचे. पंखा धूर सरळ आत ढकलायचा. बाबा खूश व्हायचे. मला हाक मारून दाखवायचे, "बघ, घेता हा." देवाने नैवेद्य घ्यावा तसा तो धूप घेत होता. मी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "घेऊ दे." माझ्या डोक्यात रॅम होती. समोर काय चाललंय ते मी बघत होते आणि मला दिसत नव्हतं.

आता गंमत संपत आली होती. आयुर्वेदाचं पुस्तक दोनदा लांबलं होतं. प्रकाशक मूळचे सज्जन, पण त्यांनाही छापखान्याची तारीख गाठायची होती. एका दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण मशीन भरवशाचं नसेल तर आमच्याकडे येऊन बसा. जागा आहे, मशीन आहे. पुढची चार पुस्तकं पण तुम्हालाच द्यायची आहेत. शनिवारपर्यंत बघा, नाहीतर सोमवारपासून या." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? साकीनाक्याला जायचं म्हणजे सकाळी नऊला घर सोडायचं आणि रात्री आठला शिरायचं. नवरा झोपलेला. बाबा एकटे, समोर झाकलेलं ताट.

फोन स्पीकरवर होता. दोन्ही हात कीबोर्डवर ठेवायची मला सवय आहे. बाबा स्टुलावर होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि उठून चप्पल घालून खाली गेले. परत आले तेव्हा हातात नारळ होता.

दिवेलागणीला त्यांनी तो देवापुढे ठेवला आणि म्हणाले, "गाऱ्हाणा घालतंय. मागे उभी रव आणि व्हय म्हण." कोकणातली माणसं देवाशी अशी बोलतात, एकाने देवाला सगळं सांगायचं, मागच्यांनी दर वाक्याला होकार द्यायचा. सणासुदीला गावी मागे वीस-पंचवीस माणसं असतात. इथे मी एकटी होते, ओल्या हातांची, मुलुंडची.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली. आवाज एकदम वेगळा, मोठा. "ह्यो नारळ तुझ्या पुढ्यात ठेवलेलो असा, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"ह्या घरात जा काय आड येता हा, कोणाची वाकडी नजर असात, ती दूर कर."

"व्हय म्हाराजा."

"ह्या यंत्राक बळ दी. माझ्या सुनेच्या हाताक यश दी."

"व्हय म्हाराजा."

मग ते थांबले. मला वाटलं संपलं. पण त्यांना पुढचं बोलायचं होतं आणि जमत नव्हतं. आवाज खाली आला, नेहमीचा झाला. "तिका घराक रवांदे म्हाराजा. ती भायर गेली काय माझो दिस सरणा नाय."

मला होकार देता येईना. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, नुसते हात जोडून वाट बघत राहिले. गाऱ्हाण्यात होकार आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी कसंबसं "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. हा माणूस मला तोंडावर कधीच म्हणाला नसता की जाऊ नकोस. देवाला सांगायचं म्हणून त्यांना ते बोलता आलं, आणि देवाला सांगायचं म्हणून मला ऐकता आलं.

त्या संध्याकाळी त्यांनी इतका धूप केला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काही जळतंय का म्हणून विचारायला आलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. बटण दाबलं की तीन लांब पिप्, मग काळा स्क्रीन. पुन्हा तीन पिप्. मी जमिनीवर चादर पसरली, कॅबिनेट आडवा घातला आणि आत्तापर्यंत केलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला बसले. या वेळी घाई नव्हती, कारण हरायचंच असेल तर नीट हरू म्हटलं. रॅमची पट्टी काढली आणि पहिल्यांदाच खिडकीत नेऊन उजेडात धरली. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात, खोबणीत बसणारे. ते सोनेरी नव्हते, तपकिरी होते. माझ्या जुन्या कंपासपेटीतला साधा खोडरबर घेऊन घासले. खोडरबर काळा झाला आणि दात पिवळेधमक निघाले. धूळ अशी चिकटत नाही. मग मी आतल्या छोट्या पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवलं. बोटाला काळी, तेलकट, कापसासारखी काजळी आली. आणि मी ते बोट नाकाशी नेलं, का ते माहीत नाही.

ऊद. ऊद आणि तूप.

मग मागचं सगळं आपोआप जागेवर बसलं. दुकानात धूप नव्हता म्हणून तिथे तो बरा होता. पट्टी काढून लावली की काजळी थोडी खरवडली जायची, म्हणून काही दिवस चालायचा. मी झाकण काढलं आणि धुराला मोठं दार उघडून दिलं. यंत्र जितकं बंद पडत गेलं तितका बाबांनी धूप वाढवला, आणि जितका धूप वाढला तितकं ते बंद पडत गेलं. घरात काय तरी असा, हे बाबांचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

मला आधी हसू आलं, मग राग आला, इतका की मी उठून सरळ स्वयंपाकघरात गेले. बाबा संध्याकाळसाठी करवंटी फोडत बसले होते. त्यांनी वर बघितलं आणि आशेने विचारलं, "गावला काय?"

तिथे मला थांबायला हवं होतं, पण माझं तोंड माझ्या पुढे धावतं. मी बोट त्यांच्यासमोर धरलं. "हे बघा, बाबा. हे आतून निघालं. तुमचा धूप. आत जाऊन जाऊन सगळं बरबटलंय. त्यानेच बंद पडतोय तो."

त्यांनी माझं बोट धरून वास घेतला. "ऊद," म्हणाले. मग करवंटीचे तुकडे गोळा करून पिशवीत भरले आणि पिशवी माळ्यावर टाकली. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही मुद्दाम नाही केलं." ते म्हणाले, "तुझा काम कर गो तू." ते रागाने म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी पट्ट्यांचे दात घासले, खोबण्या मऊ ब्रशने साफ केल्या, पंखे धुऊन पुसल्यासारखे लख्ख केले, झाकण लावून स्क्रू आवळले. तपासणी दिवसभर लावून ठेवली. एक चूक नाही. शनिवारी मी प्रकाशकांना अर्धं पुस्तक पाठवलं आणि सोमवारी येत नाही म्हणून कळवलं. नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "बाबांना वाईट वाटलं असेल ना." मी म्हटलं, "जाऊन विचार. बाबा तुझे आहेत." तो गेला आणि परत आला. म्हणाला, "काही नाही म्हणाले. क्रिकेटचं बोललो मग."

त्यानंतर घरात धूप झाला नाही. दिवा लागायचा, बाबा हात जोडायचे, आणि चप्पल घालून बाहेर पडायचे. जाताना दार ओढून घ्यायचे. अर्ध्या-पाऊण तासाने परत यायचे. मला वाटलं, खाली बाकावर म्हाताऱ्यांची बैठक असते, तिथे जात असतील. बरं झालं, म्हटलं, माणसांत मिसळायला लागले. कॉम्प्युटर घड्याळासारखा चालत होता. दुपारी आम्ही समोरासमोर जेवत होतो. जेवताना ते पूर्वीइतके बोलत नव्हते, पण ताट रिकामं होत होतं. मी पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात होते आणि मला वाटत होतं की सगळं निभावलं.

मग एक दिवस लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांना आडून विचारता येत नाही. म्हणाल्या, "काय गं, सासऱ्यांशी भांडलीस की काय?"

"का हो?"

"नाही, रोज संध्याकाळी जिन्यात उभे असतात बिचारे. हातात ते धुपाटणं घेऊन. मी विचारलं, घरात का नाही जात, तर म्हणाले, सुनेचं काम चाललंय. म्हटलं, घरात घेत नाही की काय ही."

मला लिफ्टमधून पटकन बाहेर पडावंसं वाटलं. त्या संध्याकाळी मी टेबलाशी बसले, पण कान दाराकडे होते. दिवा लागला. बाबांनी हात जोडले. स्वयंपाकघरातून हातात काहीतरी झाकून घेऊन, माझ्या पाठीमागून हळूच गेले. दार लागलं. मी थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. पान अर्धं झालं होतं, तळटीप सुटलेली होती. मी ते सेव्ह केलं, सगळं बंद केलं, पंख्याचा आवाज थांबेपर्यंत थांबले आणि मग दार उघडलं.

दार सहज उघडेना. खालच्या फटीत बाहेरून त्यांनी आपला पंचा घडी करून, घट्ट कोंबला होता, धूर आत जाऊ नये म्हणून. मी जोर लावून दार ओढलं तेव्हा तो सुटला. बाबा जिन्याच्या खिडकीशी उभे होते, दाराकडे पाठ करून. धुपाटणं त्यांनी हात लांब करून गजांच्या बाहेर धरलं होतं. धूर खाली कंपाउंडमध्ये जात होता. तेवढा वेळ हात तसा धरायचा म्हणजे माझाही दुखला असता.

मी इतके दिवस यंत्र वाचवलं म्हणून स्वतःवर खूश होते. आणि ज्यांच्यासाठी ते वाचवायचं होतं ते रोज संध्याकाळी माझ्या दाराबाहेर उभे होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दाराच्या आवाजाने बाबा दचकून वळले. माझा चेहरा बघून त्यांना एकच सुचलं. धुपाटणं आणखी लांब धरत त्यांनी घाबरून विचारलं, "बंद पडलो काय गो?"

"नाही," मी म्हटलं. "मी बंद केला. ते घेऊन आत या."

ते जागचे हलले नाहीत. "आणि तुझा काम?"

"ते सकाळी," मी म्हटलं, आणि त्यांचा पंचा उचलून दार सताड उघडलं.